चिखलाच्या टोपलीची कहाणी

कहाणी सांगणाऱ्या बाईचा घसा बसला, म्हणून मला ओढून आणलंत. गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं वाटतं! बरं. अक्षता नकोत, मुठीत चिखल धरा आणि गप बसा. मधे कुणी बोललं तर मी उठून जाईन.

ऐक खाडीमाये, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं. पुढं खाडी, मागं भातशेतं, मधे मातीचा बांध. गावाचा वसा होता. दर अवसे-पुनवेला, उधाण यायच्या आधी, घरटी टोपलीभर चिखल न्यावा, खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं बुजवावी, मग चूल पेटवावी.

तिथं एक पाटील होता. त्याला तीन सुना. धाकटी सोनाय. पाटलाला जिताडा माशाची हाव सुटली. त्यानं बांधाला लागून तळं खणलं, बांधाला भोक पाडलं. भरती यावी, माशांची पिलं आत शिरावी. मासा वाढला, घर माजलं, वसा टाकला. सोनाय म्हणे, "मामंजी, भोक वाढतंय." पाटील म्हणे, "कालवण ओरपताना नाही दिसलं ते?"

एके दिवशी गुडघाभर चिखलानं माखलेली म्हातारी दारी आली. थोरलीला म्हणाली, "बये, टोपलीभर चिखल दे." थोरली म्हणाली, "आत्ताच सारवलंय, लांब हो." मग मधलीला म्हणाली. मधली म्हणाली, "आमच्यात मासे मिळतात, चिखल नाही." मग सोनायला म्हणाली. सोनायनं टोपली भरली. म्हातारी म्हणाली, "मला कशाला देतेस? भोक कुणाचं?"

"आमचंच."

"मग बुजव."

सोनायनं मनाशी म्हटलं, बुजवावं तर सासरा घराबाहेर काढील, न बुजवावं तर गाव बुडेल. तिनं पदर खोचला. बुजवलं. पाटलानं उकरलं. पुन्हा बुजवलं. पुन्हा उकरलं. तिसऱ्यांदा बुजवलं. पाटलानं उकरलं आणि म्हणाला, "आता माहेरची वाट धर."

तो दिवस आषाढी अवसेचा. भर दुपारची भरती, वर तुफान. भोकाचं भगदाड झालं. सोनाय अर्ध्या वाटेतून धावत फिरली, भगदाडाला पाठ लावून बसली, हाका मारल्या. गाव जमलं, पण हाताची घडी घालून. "पाटलाचं भगदाड, पाटील भरील!"

सोनाय ओरडली, "मुडद्यांनो, पाणी काय एकट्या पाटलाच्या घरी जेवायला चाललंय?"

मग सगळे हलले. पण माती आणावी कुठून? शेतं पाण्यात, वाटा पाण्यात. वर होती फक्त तळ्याची पाळ.

"मामंजी, पाळ फोडा."

"आणि माझे मासे?"

"ते खाडीतून आले, खाडीत जातील. आपण कुठं जायचं?"

पाटलानं एकदा तळ्याकडं बघितलं. मग त्यानंच पहिली कुदळ घातली. मग थोरलीनं टोपली उचलली. मग मधलीनं. मग साऱ्या गावानं. हातोहात माती गेली, भगदाड भरलं, बांध तरला.

ओहोटीला म्हातारी बांधावर बसलेली. सोनायनं ओळखलं, पाया पडली. "माये, मला काय देशील?"

खाडीमाय म्हणाली, "देते काय? पुनवेला टोपली घेऊन ये. मी उधाण घेऊन येतेच आहे."

सोनाय गेली. मागून टोपली घेऊन पाटीलही गेला.

जसा सोनायचा बांध तरला, तसा तुमचा आमचा तरो. ही साठा उत्तरांची कहाणी, पुढच्या भरतीच्या आत, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

उठा आता, बांधावर चला. आणि बांध खचलाय म्हटल्यावर मला भर सभेत खुळा म्हणणारा, अजून माफी न मागितलेला, तिथं दाराआड उभा आहे, त्यालाही टोपली द्या. तोच तो, हिराजी घरत.