झोपाळ्याची जागा

"सांगा ना बाई, नेमकं काय चुकतंय?"

शलाकाने इंदुमतीबाईंना विचारलं. निम्म्या कोल्हापूरची घरं त्यांनी सजवलेली. मनात येईल तेव्हाच बोलणार. शलाका त्यांची सगळ्यात हुशार शिष्या, आणि ही गोष्ट बाईंच्याही आधी शलाकाला ठाऊक!

आज मात्र तिच्या जिवात जीव नव्हता. या नव्या फ्लॅटचे मालक शिंत्रे आपल्या आईचा शिसवी झोपाळा विकायलाच निघाले होते. असल्या चकचकीत घरात तो अडगळच दिसणार, म्हणाले. "शोभून दिसेल, नाही दिसला तर खुशाल विका," असा शब्द शलाकाने दिला होता. आणि आता संध्याकाळी ते बघायला येणार होते.

बाईंनी हिरव्या मखमली पडद्यावरून हात फिरवला. लोडाला लावलेला पैठणीचा काठ निरखला.

"कापडं सुरेख निवडलीस."

शलाका फुलली. "आणि हे काचेचं टेबल? झोपाळ्याच्या पितळी कड्या त्यात कशा उतरल्यात, बघा तरी!"

"उतरल्यात खऱ्या..."

बाईंनी काठीच्या टोकाने झोपाळ्याला हलकेच ढकललं. ढिम्म हलेना. वाकून बघतात तो काय, पारदर्शक तंगुसाने मागच्या भिंतीला बांधलेला!

"हे गं काय?"

"हलला तर काचेवर आदळेल ना, बाई. तसंही त्यावर बसणार कोण? बघायलाच तर आहे तो."

बाईंनी हात पुढे केला.

"कात्री."

"बाई, नको! ते येतील एवढ्यात."

"कात्री दे, शलाका."

ती कात्रीही बाईंनीच दिलेली, तिला पहिलं काम मिळालं तेव्हा. बाईंनी तंगूस कापला, झोपाळ्यावर बसल्या आणि पायाने झोका घेतला. झोपाळा निघाला थेट टेबलाकडे!

"अगं आई गं!"

शलाकाने धावत टेबल मागे ओढलं. बाईंनी झोका वाढवला. तिने सोफा भिंतीकडे रेटला, गालिचा गुंडाळला. बाई काही थांबेनात. शेवटी धापा टाकत ती कोपऱ्यात उभी राहिली आणि मग तिने खोलीकडे पाहिलं.

झोक्याच्या वाऱ्याने मखमल हलत होती. बाजूला ओढलेल्या टेबलाच्या काचेतून पितळेचा उजेड जात-येत होता. इतके दिवस ती हेच तर शोधत होती!

बाई उतरल्या, तेवढ्यात शिंत्रे दारात.

"अहो, हा झुलतोय की!"

चपला काढायचंही भान राहिलं नाही त्यांना. जाऊन बसले. कड्या कुरकुरल्या. त्यांनी एक पाय वर घेतला.

"आई अशीच बसायची..." त्यांचे डोळे भरून आले. "नाही हो, आता कुठं जात नाही हा. थांबा, ताईला फोन करून सांगतो."

ते गॅलरीत गेले. शलाका झोपाळ्याच्या मधोमध बसली आणि रडायला लागली.

"बाई, आज तुम्ही नसता तर माझ्याच हातून हा गेला असता. किती दिलंत तुम्ही मला! कसे आभार मानू?"

बाईंनी काठी भिंतीला टेकवली.

"जरा सरक. मला बसू दे."