धुरपाकाकीची चूल

फार जुन्या काळी, आगपेटी अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. आगपेटी नव्हती म्हणून लोक एकमेकांच्या घराला आगी लावत नसत असं मात्र समजू नका. ते काम तोंडानं व्यवस्थित चालायचं.

चुलीतला विस्तव मात्र जपावा लागे. रात्रीची भाकरी झाली की बाया निखाऱ्यांवर एक गोवरी ठेवत आणि वरून राख ओढत. गोवरी रात्रभर आतल्या आत धुमसे. सकाळी राख बाजूला केली की लालबुंद विस्तव हजर. एखादीचा विझलाच, तर ती शेजारणीकडे मागायला जाई. पण मोकळ्या हातानं नाही. एक गोवरी घेऊन जायची, ती तिच्या चुलीपाशी ठेवायची आणि मग निखारा उचलायचा. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं. कर्ता ठाऊक नसलेले नियम लोक जास्त पाळतात.

गल्लीच्या टोकाला धुरपाकाकी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, दारात जनावर नाही. गुरांच्या वाटेवरचं शेण वेचून ती गोवऱ्या थापायची. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिची चूल विझली नव्हती, आणि याचा तिला एवढा ताठा होता की पाटलीणबाईंनाही ती म्हणायची, "तुमच्याकडं सोनं असेल, पण पहाटे माझ्याच दारात येता ना?"

त्या गावात पाडव्याला आणखी एक गंमत चाले. गुढी उभारली, कडुनिंबाचा पाला गुळाशी चावला, की प्रत्येकानं गुढीखाली उभं राहून वर्षाचा नेम मोठ्यानं बोलायचा. सगळ्या गावानं ऐकायचा. एकानं नेम केला की बायकोवर ओरडणार नाही. बायको म्हणाली, "मग बोलाल काय?" दुसऱ्यानं तंबाखू सोडली आणि दुपारी तोच पारावर हात पसरून बसलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, "मी माझी तंबाखू सोडली. तुझी कुठं सोडली?"

लोक पोट धरून हसले. साळूबाई सगळ्यांत जास्त हसली. ते हसू तिनं जपून ठेवायला हवं होतं.

साळूबाई म्हणजे गावातली नावाजलेली गृहिणी. गोठ्यात गुरं, घरात धान्य, नवरा हरबा गरीब स्वभावाचा, म्हणजे लग्नानंतर झालेला. मुलगी मथी सासरी नांदत होती. त्या पाडव्याला साळूबाई गुढीखाली उभी राहिली आणि पदर खोचून म्हणाली, "यंदा माझ्या घरातून कणभरही काही वाया जाणार नाही."

आणि बाई शब्दाला पक्की. तांदळाचं धुवण म्हशीला जाऊ लागलं. शिळ्या भाकरीचा कुस्करा झाला, फाटक्या लुगड्यांची गोधडी झाली, नारळाच्या करवंटीचा डाव झाला. इथवर सगळं उत्तम. इथंच ती थांबली असती तर गोष्ट इथंच संपली असती, आणि तुम्ही म्हणाला असता, यात काय सांगितलं?

पण वाया जाणारं शोधायची सवय लागली की डोळ्याला सगळीकडं तेच दिसतं. एका संध्याकाळी निखाऱ्यावर गोवरी ठेवता ठेवता साळूबाईचा हात थांबला. सगळं घर झोपलेलं असताना ही गोवरी कुणासाठी जळते? ना भाकरी भाजते, ना पाणी तापवते. तिनं तांब्याभर पाणी घेतलं आणि चूल विझवली. पाठोपाठ दिवाही फुंकला.

सकाळी ती गोवरी घेऊन धुरपाकाकीकडे गेली आणि विस्तव घेऊन आली. घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की वाचवलेली गोवरी तर आपण देऊनच आलो. ही कसली काटकसर? दुसऱ्या सकाळी तिनं अर्धी नेली. मग पाव. मग एके दिवशी नुसता खापरीचा तुकडा घेऊन गेली, निखारा ठेवायला.

धुरपाकाकीनं तिच्या हाताकडं पाहिलं. "गोवरी विसरलीस वाटतं, साळू."

"काकी, एक निखारा उचलला म्हणून तुमचा विस्तव काय कमी होणार आहे?"

"विस्तव नाही होत कमी. गोवरी होते."

"तुम्ही तर तुमच्यासाठी जाळताच ना? मी आले काय, न आले काय."

म्हातारी चुलीकडं वळली. तिनं चिमट्यानं चांगला मोठा निखारा निवडला आणि खापरीवर ठेवला. साळूबाईला वाटलं, पटलं म्हातारीला.

विहिरीवर ही युक्ती किती दिवस लपणार? साळूबाईनंच ती फुशारकीनं सांगितली. हळूहळू गल्लीतल्या सगळ्या चुली संध्याकाळी विझू लागल्या. गोवऱ्यांचे रचलेले ढीग, उडवे, घराघरापुढं वाढू लागले, आणि कुणाचा उडवा केवढा यावर बाया एकमेकींना तोलू लागल्या. देवळातला गुरव का मागं राहील? त्यानं नंदादीप विझवला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "देवाला अंधारातही दिसतं. तेल लागतं ते आपल्याला."

पहाटे धुरपाकाकीच्या दारात रांग लागायची. सगळ्यांच्या हातात खापरी, गोवरी कुणाच्याच हातात नाही.

मग साळूबाईला आणखी एक नासाडी दिसली. गुरं चरायला जाताना वाटेवर शेण पडतं, ते फुकट जातं. तिनं गुराख्याच्या डोक्यावर पाटी दिली. पुढच्या आठवड्यात सगळ्या गुराख्यांच्या डोक्यावर पाट्या आल्या. धुरपाकाकी आपली टोपली घेऊन वाटेच्या कडेला उभी राहिली. गुरं गेली, गुराखी गेले, वाट मागं स्वच्छ झाडल्यासारखी उरली. गाव इतकं नीटनेटकं आधी कधी नव्हतं.

पावसाळा सरला. एका सकाळी साळूबाई विस्तवाला गेली, तर काकीच्या अंगणाचं कुंपण नव्हतं.

"कुंपण काय झालं, काकी?"

"काय राखायचं होतं कुंपणानं? आत मी एकटी."

थंडी पडली. आणखी एका सकाळी घर मोकळं मोकळं वाटलं. साळूबाईनं पाहिलं, खाट नव्हती. जमिनीवर एक गोणपाट अंथरलेलं होतं.

"आणि खाट?"

"त्या खाटेवर झोपच लागत नव्हती बघ."

चुलीत एक गुळगुळीत गोल लाकूड जळत होतं, खाटेच्या खुरासारखं. साळूबाईनं ते पाहिलं. छातीत कुठंतरी बारीकसं टोचलं.  साळूबाईच्या मनात आलं, उद्या येताना एखादी गोवरी आणावी. आणि घरी पोचेपर्यंत मनानंच समजूत काढली, की बघा, एवढी जुनी बाई, पण तीसुद्धा कमी सामानात राहायला शिकली. आपला नेम गावाला लागला म्हणायचा.

मनाची समजूत काढायला काही खर्च येत नाही, म्हणून ती माणूस सढळ हातानं काढतो.

पौषात मथी बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायला अजून वेळ होता. साळूबाईनं बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायची शेगडी घासूनपुसून ठेवली, गोवऱ्यांचा उडवा तर दाराएवढा उंच होता. सगळी तयारी झाली होती.

आणि अवेळी पाऊस आला. दिवसभर गार वाऱ्याबरोबर झोडपत राहिला, भिंती ओलावल्या. संध्याकाळी साळूबाईनं चूल विझवली, रोजच्यासारखी. पहाटेच्या आधीच मथीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

सुईण शेजारचीच, धावत आली. अंधारात चाचपडत म्हणाली, "दिवा लावा आधी."

दिवा कशानं लावणार? साळूबाई पाऊस अंगावर घेत शेजारी पळाली. शेजारीण डोळे चोळत म्हणाली, "आमची चूल तर साळूबाई, तुम्हीच विझवायला शिकवलीत." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. पाटलांकडे चकमक होती, पण कापूस दमट झालेला. गारगोटीवर ठिणग्या उडायच्या आणि कापसावर पडून मरायच्या. देवळात गुरव विझलेल्या नंदादीपापुढं अंग आखडून बसला होता. देवाला दिसत असेल, त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता.

ती घरी परतली तोवर सुईणीनं अंधारात, हाताच्या अंदाजानं, मूल बाहेर काढलं होतं. मुलगी होती. एकदाच रडली, बारीक, आणि गप्प झाली.

"अंग गार पडतंय हिचं," सुईण म्हणाली. "ऊब पाहिजे, कोमट पाणी पाहिजे. उडवा दाखवू नका मला, विस्तव आणा."

मथीनं अंधारातून विचारलं, "आई, धुरपाआजीकडं असेल ना गं?"

असणारच. ती चूल कधी विझली नव्हती, पण अपरात्री त्या दारात जायला साळूबाईचं मन इतका वेळ धजलं नव्हतं. साळूबाई दारातून बाहेर पडली आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मागं वळली. उडव्याच्या आतल्या बाजूची एक कोरडी गोवरी तिनं ओढून काढली, पदराखाली धरली आणि गल्लीच्या टोकाकडं धावली.

धुरपाकाकीच्या घराला दारच नव्हतं. चौकट होती, फळ्या गेल्या होत्या. वारा सरळ आत शिरत होता. बाहेर नुकतं फटफटलं होतं, त्या उजेडात साळूबाईला म्हातारी दिसली. चुलीला पाठ देऊन नाही, चुलीकडं तोंड करून, वाऱ्याला आपली पाठ आडवी देऊन ती कुशीवर पडली होती. अंगावर पांघरायला काही नव्हतं. गोणपाटही बहुधा चुलीतच गेलं होतं. चुलीवर मात्र राख नीट पांघरलेली होती.

"काकी," साळूबाई म्हणाली. "काकी, गोवरी आणलीय."

काकीचा खांदा हलवला तेव्हा तो थंड लाकडासारखा लागला.

साळूबाई चुलीपाशी बसली आणि दोन्ही हातांनी राख उकरू लागली. वरची राख गार. खालची राख कोमट. तिनं आणखी खोल हात घातला, फुंकर मारली, राख डोळ्यांत गेली, पुन्हा फुंकली. तळाशी एक काळा कोळसा लागला, अजून ऊन होता, बोटाला जाणवेल इतकाच. लाल कुठं काही नव्हतं.

म्हणजे विस्तव नुकताच गेला होता. एक गोवरी असती तर उजाडेपर्यंत टिकला असता.

ती गोवरी साळूबाईच्या मांडीवर होती.

हरबा डोंगरापलीकडच्या गावी पळाला. एरवी सावकाश चालणारा माणूस, त्या दिवशी निसरड्या वाटेनं पडत उठत गेला. इकडं मथीनं मुलीला उघड्या छातीशी धरलं. ती थकली की सुईणीनं धरलं, मग शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. गल्लीतल्या बाया भिजल्या पातळांनी एकीमागून एक आत येत होत्या आणि आपल्या अंगाची ऊब त्या एवढ्याशा जिवाला देत होत्या.  तीच ती रोजची रांग होती, फक्त आज कुणी मागायला आलं नव्हतं.

दुपार कलताना हरबा मडक्यात विस्तव घेऊन आला. पलीकडच्या गावच्या बायकांनी त्याला विचारलं होतं म्हणे, "एवढ्या मोठ्या गावात एक चूल पेटती नाही? कसलं दुखणं आलंय तुमच्याकडं?" त्याला नाव सांगता आलं नाही.

मूल जगलं. पण पुढं दर थंडीत त्या पोरीची छाती भरायची, आणि तिचा खोकला ऐकला की साळूबाई भिंतीकडं तोंड करायची.

त्याच विस्तवानं संध्याकाळी धुरपाकाकीची चिता पेटली. पावसात लाकडं सगळी ओली. मग गावानं गोवऱ्या आणल्या. घराघरातून पाट्याच्या पाट्या आल्या, वर्षभर वाचवलेल्या, नीट रचलेल्या, आतून कोरड्या ठणठणीत. चिता माणसाच्या उंचीच्या वर गेली. म्हातारीनं जन्मात एवढं सरपण एका जागी पाहिलं नसेल. अशी पेटली की लोकांना चार पावलं मागं सरकावं लागलं. त्या दिवशी कुणीही हात आखडता घेतला नाही.

सगळ्यात शेवटी साळूबाई पुढं झाली. पदराखालची ती एक गोवरी तिनं काढली आणि काकीच्या पायाशी ठेवली.

पुढच्या पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या. कडुनिंब वाटला गेला. नेम बोलायची वेळ आली तेव्हा गावातली बोलकी माणसं जमिनीकडं पाहत उभी राहिली. तंबाखूवाल्यानंसुद्धा गप्प राहून स्वतःची चंची स्वतःच उघडली. साळूबाईनं पाला चावला, गूळ घेतला नाही, आणि काही न बोलता घरी गेली. त्या रात्री तिनं निखाऱ्यावर गोवरी ठेवली, वर राख ओढली आणि गल्लीच्या टोकाकडं पाहिलं. तिथं नुसती चौकट उभी होती.

बाळांनो, आणि बाळांच्या शहाण्या आईबापांनो, एवढंच ध्यानात ठेवा: काटकसर आपल्या हावेत करावी; दुसऱ्याच्या चुलीतून केली तर ती काटकसर नव्हे, ती चोरी, आणि तिची भरपाई घ्यायला ज्याचं गेलं तो माणूस जागेवर उरत नाही.