गेनबानं मुलांना वाचायला लावलं

हिवरदरा नावाच्या गावात एक भोळा ग्रंथपाल होता. भोळा तो जन्मापासून होता, ग्रंथपाल मागाहून झाला. कागदोपत्री नाव ज्ञानोबा, पण गाव त्याला गेनबा म्हणायचं. गावानं विचार करूनच म्हटलं असणार.

गेनबा शाळेत शिपाई होता. घंटा द्यायची, पाणी भरायचं, फळे पुसायचे. एके वर्षी शाळेला कपाटभर पुस्तकं आली. ग्रंथपाल कोण होणार, असा प्रश्न पडला. गुरुजी लोक म्हणाले, आम्हाला शिकवायचं असतं. त्यांना शिकवायचं असतं हे मुलांना तेव्हाच कळलं. मग किल्ली गेनबाकडं गेली, कारण गेनबानं आजवर शाळेची एकही वस्तू हरवली नव्हती.

त्यानं पुस्तकंही हरवली नाहीत. सहा वर्षांत एकसुद्धा नाही. सहा वर्षांत एकही पुस्तक कपाटाबाहेर आलं नव्हतं, पण कौतुक करताना एवढं खोलात कोण जातं? सव्वीस जानेवारीला त्याला नारळ आणि टॉवेल मिळाला.

मग कुलथे बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ तालुक्याहून पत्र आलं. विस्तार अधिकारी खरमाटे साहेब पंधरा दिवसांनी तपासणीला येणार होते. वाचनालयात मुलं वाचताना दिसली तर ठीक. नाही दिसली तर कपाटाची ती खोली पोषण आहाराच्या तांदळाला द्यायची. तांदूळ व्हरांड्यात पडून होता आणि उंदीर त्याची रोज तपासणी करत होते.

बाईंचा जीव पुस्तकांवर. त्यांनी गेनबाला बोलावलं.

"गेनबा, पुस्तकं कपाटात काय करताहेत? ती मुलांच्या हातात पडली पाहिजेत."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर गेनबानं सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं. हात पुढं करायला लावले. प्रत्येक हातावर एक पुस्तक ठेवलं. एका पोरानं पुस्तक उघडलं, तर गेनबानं ते मिटून परत हातावर ठेवलं. अर्धा तास मुलं उन्हात तशीच उभी. मग घंटा झाली, गेनबानं पुस्तकं मोजून घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं.

"पडली बाई. सगळ्यांच्या हातात पडली."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो गेनबा, तसं नसतं. मुलांना उत्सुकता वाटली पाहिजे. पुस्तक पेपरात गुंडाळायचं. नाव झाकायचं. वर एखादी गमतीची ओळ लिहायची. आत काय असेल, म्हणून मूल आपणहून उघडतं."

"बरं बाई. पुढच्या वेळी ध्यानात ठेवतो."

आणि गेनबा ध्यानात ठेवायचा. विसरला असता तर काय हवं होतं!

दुसऱ्याच दिवशी तो स्वयंपाकघरात पाण्याची कळशी ठेवायला गेला. स्वयंपाक करणाऱ्या हिराबाई कुरकुरत होत्या. "मुलं खिचडी बघूनच नाक मुरडतात. कुणाला खाण्याची उत्सुकताच नाही."

उत्सुकता म्हटल्यावर गेनबानं कान टवकारले. हिराबाई हात धुवायला गेल्या, तेवढ्यात त्यानं मांडणीवरचे सगळे डबे पेपरात गुंडाळले. मीठ, साखर, रवा, हळद, भांडी घासायचा सोडा. नाव एकाचंही ठेवलं नाही. चार डब्यांवर ओळ लिहिली, 'पांढरं आहे, ओळखा पाहू'.

हिराबाईंनी ओळखलं, पण चुकीचं. खिचडीला असा फेस आला की पातेल्यावरचं झाकण आपलं आपण उठून खाली पडलं. मुलं मात्र धावत बघायला आली. त्या पातेल्याबद्दल एवढी उत्सुकता शाळेत आधी कधी कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांना नुसते शेंगदाणे मिळाले.

"अहो गेनबा, तसं नसतं," बाई म्हणाल्या. "ते पुस्तकाचं मी सांगितलं होतं. आता सोपं सांगते. मुलांना गोष्ट सांगा. अर्धीच सांगा. ऐन रंगात आली की थांबा. म्हणायचं, उरलेली पुस्तकात आहे. मग बघा कशी ओढ लागते."

"म्हणजे ऐन रंगात थांबायचं."

"थांबायचं."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

दुपारी बाई सातवीला गणित शिकवत होत्या. गेनबा दारात आला.

"बाई, तुमच्या घरनं निरोप आलाय. सासूबाई आडावर पाणी आणायला गेल्या होत्या. तिथं शेवाळ होतं. त्यांचा पाय घसरला, आणि..."

गेनबा थांबला.

"आणि काय?"

गेनबा हसला. "उरलेलं उद्या."

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्या तशाच धावत सुटल्या. वाटेत देवाला काय काय बोलल्या ते देवाला ठाऊक. घरी पोचल्या तर सासूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. पाय घसरला आणि चपलेचा अंगठा तुटला, येताना चांभाराला सांगून ये, एवढाच निरोप होता.

"पळत का आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "चप्पल तर इथंच आहे."

बाई परत आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता आणि रडूही येत होतं. "अहो गेनबा, तसं नसतं! निरोप पुरा द्यायचा असतो. आणि मुलांना गोष्ट सांगितली का?"

"सांगणार होतो. ती पळायला लागली, म्हणून बाहेरनं कडी घातलीय."

बाईंनी आधी कडी काढली. मग म्हणाल्या, "जबरदस्तीनं कुणी वाचत नाही. मुलांना त्यांचं त्यांना निवडू द्या. ज्याला जे हवं ते घेऊ द्या. आपण मध्ये पडायचं नाही."

"बरं बाई. मध्ये पडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेनबा घंटेपाशी गेला. हातोडा उचलला आणि त्याला आठवलं. तो वर्गावर्गात जाऊन विचारून आला. "मधली सुट्टी हवी का शाळा सुटायला हवी? तुमचं तुम्ही निवडा बाबांनो. मी मध्ये पडणार नाही."

मुलांनी निवडलं. एवढ्या एकमतानं गावात सरपंचसुद्धा कधी निवडून आला नव्हता. सव्वाअकराला शाळेत फक्त बाई उरल्या, आणि चौथीच्या वर्गात धस गुरुजी. गुरुजींना झोप लागली होती, त्यामुळं मुलं कधी गेली ते त्यांना कळलं नाही. ती कधी आली हेही त्यांना बहुतेक कळलं नसावं.

तपासणीला पाच दिवस राहिले होते. बाईंच्यात आता रागवायचंही त्राण नव्हतं.

"गेनबा, तुमच्या पाया पडते. आता काही करू नका. मुलं सांगून वाचत नाहीत, बघून वाचतात. तुम्ही नुसतं एक पुस्तक घेऊन वाचनालयात बसा. रमल्यासारखे दिसा. तेवढं बास."

हे मात्र गेनबाला छान जमलं, कारण यात करायचं काहीच नव्हतं. त्यानं कपाट उघडं टाकलं. हाताला लागलं ते पुस्तक घेतलं आणि चौदावं पान काढून बसला. बाईंनी रमायला सांगितलं होतं, म्हणून अधूनमधून हसला, एकदा मांडीवर थाप मारली, एकदा "अरारारा" म्हणाला. पान मात्र उलटलं नाही. पान उलटायला बाईंनी सांगितलं नव्हतं.

चौथीतली वैजू खिडकीतून बघत होती. गेनबामामाला एवढं हसायला काय आलं, म्हणून ती आत आली. गेनबा घंटा द्यायला उठला, तसं तिनं ते पुस्तक उचललं. त्यात बोकड शोधत रानात गेलेली एक म्हातारी होती. वैजू घंटा झाल्यावरही जागची उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर सहा जणी आल्या. त्यांच्या मागं पोरं आली. कुणी कपाटासमोर मांडी घातली, कुणी पालथं पडलं, दोघं एकाच पुस्तकासाठी भांडले. चौथ्या दिवशी त्या खोलीत चाळीस मुलं होती आणि कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली वाचली, असं त्यांना वाटलं. वाटायला काय जातं?

पाचव्या दिवशी खरमाटे साहेब आले. साहेब दारात आले तरी एकही मूल उठलं नाही. कुणी एका सुरात नमस्तेही म्हटलं नाही. बाई घाबरल्या. पण साहेबांचा चेहरा उजळला.

"बाई, वीस वर्षं शाळा तपासतोय. मी आलो हे न कळलेली मुलं आज पहिल्यांदा बघतोय. आणा शेरेबुक."

साहेब टेबलाशी बसले आणि लिहू लागले. साहेबांना लिहिण्याची हौस होती. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. गेनबा त्यांच्या खांद्यामागं उभा राहून वाचू लागला. जन्मात पहिल्यांदा गेनबा काहीतरी खरोखर वाचत होता.

साहेबांनी लिहिलं, 'मुले देहभान विसरून वाचत होती.' गेनबाला बरं वाटलं. पुढं लिहिलं, 'या वाचनालयाची खोली ताबडतोब रिकामी करून तेथे तांदूळ ठेवावा'. आणि साहेबांनी पेनाचं टोक झटकलं.

गेनबा आणखी पुढं वाकला. आता पुढं काय? साहेब पुढं काय लिहिणार? त्याला राहवेना. आणि राहवत नाही म्हणताच त्याला बाईंचं बोलणं लख्ख आठवलं. हाच तो ऐन रंग. हीच ती ओढ.

त्यानं साहेबांच्या हाताखालून शेरेबुक ओढलं. मग फिरून चाळीस मुलांच्या हातांतून चाळीस पुस्तकं काढून घेतली. सगळं कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"उरलेलं उद्या," गेनबा म्हणाला.

चाळीस मुलांनी एकदम गळा काढला. साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

बाईंनी गेनबाच्या खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं, शेरेबुक घेतलं आणि साहेबांपुढं धरलं. "साहेब, माझ्याकडं बघून तेवढं वाक्य पुरं करा."

साहेबांनी शेरेबुक घेतलं. "'असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी ही मुले येऊन पाहावीत.' एवढं लिहायचं राहिलं होतं, बाई."

"लिहा ना, साहेब."

"माझ्या हातातून आजवर कुणी कागद ओढला नव्हता," साहेब म्हणाले. मुलं रडत होती, पुस्तकं मागत होती. पण मुलांचं वाचन पडलं एकीकडं आणि साहेबांचा मान पडला एकीकडं. त्यांनी अर्ध्या वाक्यापुढं ठळक पूर्णविराम दिला, खाली सही केली आणि चहा न घेता निघून गेले.

सोमवारी तांदूळ आत आला. पोती कपाटासमोर छतापर्यंत लागली. कपाट मागं राहिलं आणि पुस्तकं कपाटात राहिली. गेनबाला तांदळावर बसवलं, कारण तो काही हरवत नाही.

मधल्या सुट्टीत मुलं दारात येऊन उभी राहिली. मंगळवारी आली. बुधवारीही आली. पुढं वैजू.

"मामा, ती म्हातारी विहिरीत उतरली आणि वर बिबट्या येऊन बसला. पुढं काय झालं?"

"उरलेलं पुस्तकात आहे."

"पुस्तक कुठंय?"

"कपाटात."

"कपाट?"

गेनबानं पोत्यांकडं बोट दाखवलं. वैजूचा चेहरा रडवेला झाला. "मग तुम्हीच सांगा ना. तेच पुस्तक घेऊन तुम्ही एवढे हसत होता."

"मी कुठं वाचलं ते?" गेनबा म्हणाला. "मी ग्रंथपाल आहे."

तेवढ्यात कुलथे बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. दारातली मुलं बघून त्या थांबल्या. गेनबा पोत्यावरून लगबगीनं उतरला. सहा वर्षांत त्याचा चेहरा एवढा फुललेला कुणी पाहिला नव्हता.

"बघा बाई," तो म्हणाला. "लागली का नाही ओढ?"