कासवाच्या गोष्टीचं शेवटचं पान

डोंगराच्या कुशीत, पांढराशुभ्र मोगरा आणि केशरी झेंडू यांच्या मधोमध एक इवलीशी झोपडी होती. तिथे कुंदा आणि तिची मावशी राहायच्या. घरात पीठ कधी असायचं, कधी नसायचं. फुलं मात्र रोज असायची. मावशी फुलं तोडायची, कुंदा गजरे ओवायची आणि ते विकून दोघींची चूल पेटायची.

कुंदा पंधरा वर्षांची होती. जन्मापासूनच तिला सगळं सावकाश उमगायचं. चालायला ती उशिरा शिकली, बोलायला त्याहून उशिरा, आणि अक्षरं तर तिच्यापुढे मुंग्यांसारखी सैरावैरा पळायची. म्हणून एवढी उंच मुलगी अजून पहिलीच्या चिमुरड्यांत बसायची. पण एकदा शिकलेली गाठ ती कधी विसरली नाही. कुंदाने ओवलेला गजरा सुटला, असं कुणी म्हणून दाखवावं!

झोपडीत एकच पुस्तक होतं, समुद्र बघायला निघालेल्या कासवाचं. मावशीने ते लहानपणी जत्रेत चित्रांच्या मोहाने घेतलं होतं. मावशीला वाचता येत नव्हतं. दोघी चित्रं बघून गोष्ट सांगायच्या. हे कासव निघालं, हा काटा टोचला, हा ससा हसला. शेवटच्या पानावर मात्र चित्रच नव्हतं, नुसती अक्षरं होती.

"पोचलं असंल का गं ते?" मावशी विचारायची.

"गुरुजींना विचारू या का?"

"नगं. इतकी वर्सं थांबले न्हवं? आता शेवट आपल्या घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकीन."

घरात माणसं दोनच. तेव्हा मावशी कुणाबद्दल बोलते ते कुंदाला बरोब्बर कळायचं, आणि ती पुस्तक मिटून गजरा ओवायला घ्यायची.

एकदा शाळेत कुंदाने ऐकून पाठ झालेला धडा चित्राकडे बघत घडाघडा म्हटला. गुरुजी खूश झाले. त्यांनी पुढचं पान उघडलं आणि चित्र हाताने झाकलं. कुंदाने तोच धडा पुन्हा म्हटला! सगळा वर्ग खो खो हसला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती छोटी इंदू. कुंदा शाळेतून निघाली ती थेट मोगऱ्यामागे जाऊन रडत बसली.

तेवढ्यात एका कळीत काहीतरी चमचमलं. पाकळ्या अलगद उलगडल्या आणि आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पंख फिकट निळे, झगा पिवळाधमक, केसांत दवाचे टपोरे मणी!

"माग बाळ, तुला काय हवं?"

कुंदाने नाक पुसलं. "मावशीला शेवटचं पान वाचून दाखवायचंय."

परीने तिच्या बोटाच्या टोकावर सोनेरी प्रकाशाचा एक थेंब ठेवला. "खरं वाचलंस की हा उजळेल. पण नियम आहेत हं! अंदाजाने ठोकून दिलंस तर विझेल. 'मला अजून येत नाही' म्हणालीस की पुन्हा लागेल. आणि कुणाला देऊन टाकलास, तर परत मिळणार नाही."

तुम्हाला वाटेल, दुसऱ्याच दिवशी कुंदा भराभर वाचू लागली. छे! परी केळीच्या पानांच्या तुकड्यांवर शब्द लिहायची. मोगऱ्यापाशी 'मोगरा' ठेवायची, सुईपाशी 'सुई', टोपलीपाशी 'टोपली'. कुंदा जागा बघून पटकन सांगायची. मग लबाड परी सगळे तुकडे उचलून एकमेकांत मिसळून टाकायची. कुंदा अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची, आणि थेंब फट्‌दिशी विझायचा.

"मला अजून येत नाही, परीताई."

"शाब्बास! चल, परत बघू."

आज आलेला शब्द उद्या जायचा, परवा त्याला पुन्हा बोलावून आणावं लागायचं. झेंडूचे बहर आले आणि गेले. कुंदा शब्द ओळखू लागली. मग शब्दातलं एकेक अक्षर वेगळं करून, एकेक फूल ओवावं तसं पुन्हा जोडू लागली. मला तर या पोरीचं भारी कौतुक वाटतं. तुमच्याआमच्यातले कितीतरी जण केव्हाच पुस्तक मिटून खेळायला पळाले असते.

होता होता कासवाच्या पुस्तकाचं एकेक पान वाचून झालं आणि एका संध्याकाळी शेवटचं पान आलं. मावशी हातपाय धुऊन समोर बसली. कुंदाने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि दारात कुणीतरी हुंदका दिला.

ती इंदू होती.

"उद्या गुरुजी मला एकटीला वाचायला लावणारेत," ती रडत म्हणाली. "मला येतच नाही गं! मी सगळ्यांबरोबर नुसतं तोंड हलवते. मला भीती वाटते. तू कशी शिकलीस?"

कुंदाने बोटाकडे पाहिलं. थेंब मंद मंद चमकत होता. तो गेला तर शेवटचं पान? आणि मावशी? पण वर्गातलं ते हसणं कसं लागतं, हे कुंदाइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने बोट इंदूच्या बोटाला टेकवलं. थेंब टुणकन पलीकडे गेला.

"ठोकून द्यायचं नाही," कुंदा म्हणाली. "येत नसलं तर 'अजून येत नाही' म्हणायचं. मग तो उजळतो."

इंदू बोट मुठीत जपत घरी गेली. कुंदा पुन्हा पुस्तकाशी बसली. बोटावर आता उजेड नव्हता.

"का-स-व... कासव." ती थांबली. "स-मु... समुद्रा-पाशी." पुढचा शब्द लांबलचक होता. 'पोहायला' असेल का? जिभेवर आलेला शब्द तिने मागे घेतला. "थांब मावशी, हा मला अजून येत नाही."

"थांबते की. मला कुठं जायचंय?"

"पो... हो... च... पोहोचलं! मावशी, पोहोचलं ते!" मग तिने सावकाश उरलेलं वाचलं. "फार उशिरा पोहोचलं. पण समुद्र तिथेच होता."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. "समुद्र कुठं जातोय, माझे बाय!" असं म्हणत तिने कुंदाला पोटाशी घेतलं आणि ती हसता हसता रडली.

सकाळी मोगऱ्यावर परी बसली होती. "दिलेला थेंब परत देता येत नाही," ती म्हणाली, "पण तुझ्यासारख्या गुणी मुलीला आणखी एक इच्छा मिळते. दागिना माग, महाल माग!"

कुंदाने खूप वेळ विचार केला. तिला घाई कधीच नसायची.

"दुसरं पुस्तक," ती म्हणाली.

परी किणकिणत हसली. निळा, गुलाबी, सोनेरी उजेड बागभर उसळला, पानन्‌पान झळाळलं आणि परी त्यात दिसेनाशी झाली. झुडपाखाली एक कोरं करकरीत पुस्तक पडलं होतं. मावशीने ते उघडलं, चाळलं, पुन्हा चाळलं.

"अगं कुंदे, यात एकबी चित्र न्हाई!"

"नसू दे," कुंदा म्हणाली, आणि तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.