बारा आणि सहा मिळून

फार पूर्वी, एका लाकडी रेडिओच्या पोटात, जिथं धूळसुद्धा गाणं ऐकत तरंगायची, तिथं वीज अडवणारे दोन रोधक शेजारीशेजारी राहत. एक बारा ओहमचा, दुसरा सहाचा.

"आम्ही दोघं मिळून अठरा!" बारा गुरगुरायचा.

पलीकडचा इवलासा दिवा धास्तावला. "मग माझ्यापर्यंत वीज पोचायची कशी?"

एकदा म्हाताऱ्या मीटरनं दोघांना चाचपलं. काटा हलकेच थरथरला. "अठरा कुठले? चारच! एकामागे एक असता, तर अठरा. शेजारी आहात, म्हणून विजेला दोन वाटा. तुमच्या जागी एकटा चारवाला बसवला, तरी दिव्याला फरक कळायचा नाही."

बटण फिरलं. दिवा उजळला.

बारानं पहिल्यांदाच सहाकडे पाहिलं. "म्हणजे तू शेजारी आहेस, म्हणून आपण इतके कमी आडवे येतो?"