टेकडीवरच्या दिव्याचा चोक

"...मग नवा का लावत नाहीस?" धुळाप्पा महाराजांनी विचारलं.

"नवा लावता येईल महाराज. पण तो हा नसेल."

महाराज मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. समोर इंद्रजित उभा. त्याच्या हातात मोठ्या वांग्याएवढा, दुधी काचेचा मर्क्युरीचा दिवा होता. तान्हं मूल धरावं तसा त्यानं तो दोन्ही हातांत धरला होता.

"आणि अनुग्रह?" इंद्रजित म्हणाला. "तो कधी देणार?"

"हात कुठं रिकामा आहे तुझा?"

इंद्रजितनं दिव्याकडे पाहिलं. मग तो जपून ओसरीवर ठेवला आणि रिकामे हात पुढे केले.

महाराजांनी त्यात मूठभर शेंगा घातल्या.

"अजून नाही," ते म्हणाले. "खा."

असाच दिवा एके काळी मठासमोरच्या खांबावर होता. अकरा वर्षांपूर्वी त्याचा चोक जळाला आणि खांब आंधळा झाला. पुढे पंचायतीनं पायऱ्यांवर एलईडी बसवले. उजेड झाला, लोकांची सोय झाली, जुन्या दिव्याची कुणाला आठवणही राहिली नाही.

राहिली ती इंद्रजितला. टेकडीखालच्या हरणखडीचा हा मुलगा जर्मनीत जाऊन सहा वर्षं दिव्यांचंच शास्त्र शिकला. तिथं हिवाळ्यात चार वाजताच अंधारायचं. खिडकीशी उभं राहिलं की त्याला घराची गच्ची दिसायची, आणि गच्चीवरून दिसणारा टेकडीवरचा तो निळसर हिरवट ठिपका. तो पेटला की आई पदर डोक्यावर घेऊन हात जोडायची आणि म्हणायची, "चला, महाराज जागे आहेत."

तिकडे त्यानं शेकडो दिवे पाहिले, मोजले, नोकरीसाठी बनवलेसुद्धा. त्या रंगाचा एकही भेटला नाही.

आठ महिन्यांपूर्वी तो नोकरी सोडून परत आला आणि थेट मठात गेला. म्हणाला, मला शिष्य करून घ्या. महाराज म्हणाले, अजून नाही. दुसऱ्या महिन्यात विचारलं, तेव्हाही तेच. तिसऱ्या महिन्यात तो विचारण्याआधीच महाराजांनी नकाराची मान हलवली.

मग त्यानं मनाशी घेतलं की आधी तो दिवा पेटवायचा. महाराजांनी काही सांगितलं नव्हतं. पण दिवा पेटल्यावर ते नाही कसं म्हणतील?

आता हा दिवा काही थेट विजेला जोडता येत नाही. मधे चोक लागतो. चोक म्हणजे लोखंडी पेटीतलं तारेचं वेटोळं, दिव्याला वीज बेतानं सोडणारं. मर्क्युरीचे दिवे गेले तसे त्यांचे चोकही गेले. सांगलीत, कोल्हापुरात, पुण्यात दुकानदारांनी नुसते हात झाडले. एकानं तर विचारलं, "साहेब, संग्रहालय काढताय का?"

भंगारात सोडियमच्या दिव्याचा एक चोक मिळाला. वॅट तेवढेच होते. इंद्रजितनं तोच जोडला. खांबावरचा दिवा तीन दिवस झगझगला, चौथ्या दिवशी काळा पडला आणि गेला. त्या चोकमधून वीज जास्त येत होती. एवढं शिकलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. कळतही होतं. पण धीर नव्हता.

मठाच्या माळ्यावर त्याच जातीचा अजून एकच दिवा उरला होता, आता ओसरीवर ठेवलेला तो.

शेवटी मिरजेच्या दस्तगीर वायरमननं वाट दाखवली. म्हातारा हसून म्हणाला, "चोक चोक काय करता? चोकचं काम अडवायचं. मापात अडवणारं काहीही चालतं. आम्ही शेगडी लावायचो मधे."

शेगडी... इंद्रजितनं तिथंच कागदावर आकडे मांडले. हजार वॅटची कॉइलची शेगडी. उत्तर इतकं बरोबर आलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तशी शेगडी मठात होती. एकच.

"न्यायची?" त्यानं दारातून विचारलं.

"ने की."

"तुमचा चहा..."

"माझ्या चहाचं मी बघतो. तू तुझं बघ, जर्मन."

दिवेलागणीला सगळं जोडून झालं. खांबाशी शेगडी ठेवली होती. तिच्यातून वीज आधी जायची, मग वर दिव्यात. महाराज येऊन पायरीवर बसले. इंद्रजितनं पायऱ्यांवरचे एलईडी बंद केले आणि बटण दाबलं.

वर दिव्याच्या पोटात एक जांभळा धागा थरथरला. खाली शेगडीची तार लाल झाली.

एवढंच. दिवा फिकट, शेगडी रसरशीत.

मग हळूहळू दिवा भरत गेला आणि शेगडीची लाली उतरू लागली. वर जितकं उजळलं तितकं खाली विझलं. पाच मिनिटांत शेगडी काळी झाली, नुसती तापलेली. आणि खांबावर तो उजेड उभा राहिला. निळसर, हिरवट, शेवाळी पाण्यातून यावा तसा.

इंद्रजित वळला. खाली हरणखडीत घराची गच्ची दिसत होती.

गच्चीवर कुणी नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिला शेवटचा निरोपही त्यानं फोनच्या पडद्यावर दिला होता.



"तोच आहे का?" मागून महाराजांनी विचारलं.

"तोच आहे."

"मग?"



इंद्रजित येऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"महाराज, आता तरी. मी सगळं सोडून आलोय. मला आत नुसती आग लागलीय. आज नाही म्हणू नका."

महाराज शेगडीकडे बघत होते.

"ही किती वीज खाते रे?"

"ही?" तो गोंधळला. "जवळजवळ निम्मी. दिव्याला लागते साधारण तेवढीच हिच्यात जाते. फुकट."

"फुकट?"

"उजेड नाही देत ना ती काही."

"मग काढ की मधनं. सगळी दिव्याला जाऊ दे."

"काढली तर दिवा फुटेल महाराज."

"का बरं? आणखी उजळेल की."

"उजळेल... क्षणभर." दिव्यांचं निघालं की इंद्रजित आपोआप मास्तर व्हायचा. "या दिव्याला पुरे कळत नाही. मिळेल तेवढी वीज ओढतो. आणि जेवढी ओढतो तेवढी त्याची ओढ वाढत जाते. एकदा सुटला की थांबत नाही. म्हणून मधे कुणीतरी लागतं, सारखं नाही म्हणणारं. नाहीतर..."

तो थांबला.

वर दिव्याभोवती पाखरं जमली होती. दिव्याची बारीक गुणगुण ऐकू येत होती.

इंद्रजितनं मान खाली घातली. आठ महिन्यांत प्रथमच त्याला काही मागावंसं वाटत नव्हतं, आणि तरीही आतली ती आग जशीच्या तशी होती.

महाराज उठले. गुडघे कुरकुरले. आत गेले आणि एक काळवंडलेलं पातेलं घेऊन आले. ते त्यांनी इंद्रजितच्या हातात दिलं.

"यावर?" त्यानं शेगडीकडे पाहिलं.

"मग कशावर? दुसरी आहे का आपल्याकडं?"

"पण ही आता नुसती कोमट आहे. दिवा चालू असेस्तोवर आणखी तापणार नाही. पाणी उकळायला तास जाईल, महाराज."

महाराज पायरीवर जरा सरकून बसले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"जाऊ दे. दोघांचं ठेव."