देवकातळीचं न दिलेलं 'व्हय'

लेकरांच्या नावानं शब्द द्यायचा, त्या शब्दावर आपलं काम उरकून घ्यायचं आणि मग त्याच लेकरांना दाराबाहेर उभं करायचं, हे ज्यांनी केलं त्यांना देवळाच्या पायरीवर बसायची लाज कशी वाटली नाही?

देवकातळीच्या जत्रेला आलात, तर रवळनाथासमोरचं गाऱ्हाणं नीट ऐका. गुरव गावाच्या वतीनं देवाकडे एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय महाराजा!" पिकापाण्याला म्हणतो, गुराढोरांना म्हणतो. शाळेचं मागणं आलं की मात्र एकही मोठा माणूस तोंड उघडत नाही. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

पूर्वी इथं संस्थानाचं राज्य होतं आणि गावात शाळा नव्हती. खालच्या वाड्यांतले लोक शाळा मागायला गेले, तर कारभाऱ्यानं विचारलं, "तेवढी पोरं कुठं आहेत?" खरंच नव्हती. तेव्हा गावचे दाजी परब सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, चढून धनगरवाड्यावर गेले. तोवर खालचं कुणी दह्यादुधाच्या कामाशिवाय वर गेलं नव्हतं म्हणे.

वाड्यावर ठकू झोरे नावाची विधवा होती. तिची मुलगी सगुणा म्हशी घेऊन देवळाजवळ आली की गुरवाला विचारायची, "काका, घंटेवर काय लिवलंय?" गुरव म्हणायचा, "देवाचा नाव." त्याला तरी कुठं वाचता येत होतं? आपल्या पोरीला हे कुणाला विचारावं लागू नये, एवढंच ठकूला हवं होतं.

दाजी तिच्या ओट्यावर बसून ताक पिता पिता म्हणाले, "ठकूबाय, तुझी सगुणा माझ्या नातीच्या बाजूक बसतली."

ठकू म्हणाली, "दाजी, ताक पिऊन माणूस काय बी बोलतो. देवासमोर बोला."

मग गाऱ्हाणं झालं. "सड्यावरच्या नि खालच्या सगळ्या पोरांका एका पडवेत बसवन, काय एक न घेता शिकवूचा, असो शब्द गाव देता रे महाराजा!" अख्खा गाव गरजला, "व्हय महाराजा!" सर्वांत मोठा आवाज दाजींचा होता, असं म्हणतात.

त्या शब्दावर धनगर खाली उतरले. ढोल घेऊन गावकऱ्यांबरोबर वाडीवाडीत फिरले, पोरंबाळं घेऊन कारभाऱ्याच्या दारात बसले. पाऊस आला तेव्हा त्यांच्याच घोंगड्यांखाली खालची पोरं झोपली. शेवटी शाळा मिळाली. तिचे चिरेसुद्धा धनगरांनीच सड्यावरून खाली आणले.

शाळा उघडली त्या दिवशी ठकू सगुणाला तेल-वेणी करून घेऊन आली. दारात दाजी उभे होते. म्हणाले, "जागा कमी आसा. फुडच्या वर्साक बघूया." आत त्यांची नात बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

पुढचं वर्ष आलं. दाजी पुन्हा तेच बोलले, या वेळी तिच्याकडे न बघता. मग असंच चालत राहिलं.

सगुणाचं लग्न घाटावर ठरलं, त्या वर्षी ठकू वाड्यावरची सगळी पोरं घेऊन जत्रेत आली. तो शब्द दर जत्रेत शाळेचं मागणं म्हणून म्हटला जाई. गाऱ्हाणं त्या मागण्यापाशी पोचलं, तेव्हा ती देवासमोर येऊन म्हणाली, "महाराजा, ह्यांच्या 'व्हय'नं माझ्या पोरीचा घात झाला. ते 'व्हय' तुझं तू परत घे."

गावानं नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही, असं सांगतात. दाजींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण ओठांतून नुसता वारा आला. गाऱ्हाणं अर्धवट राहिलं, आणि अर्धवट गाऱ्हाण्यावर पालखी उठत नाही. भोयांनी खांदे लावले, पण ती हलेना. तेव्हा गर्दीतून सगुणाच पुढं आली आणि एकटीनं म्हणाली, "व्हय महाराजा!" तिच्यामागून वाड्यावरची पोरं म्हणाली, मग खालची म्हणाली, आणि पालखी उठली.

दुसऱ्या दिवशी शाळेचं दार सगळ्यांना उघडलं. वाड्यावरची पोरं आत जाऊन बसली. सगुणा त्या दिवशी लग्नासाठी घाट चढत होती. नवऱ्याच्या घरी ती कधी शिकली का, हे कुणी सांगत नाही. कारण कुणी विचारायलाच गेलं नाही.

दाजींना पुढं वाचा आली, सगळ्यांनाच आली. पण त्या एका मागण्याला उत्तर द्यायचा हक्क मोठ्यांना परत मिळाला नाही. आजही तिथं फक्त पोरं 'व्हय' म्हणतात आणि मोठी माणसं खाली मान घालून उभी राहतात.

मागच्या जत्रेत शहरातून एक गृहस्थ आले होते. छातीवर 'प्रत्येक मूल शाळेत' असा बिल्ला होता. शाळेचं मागणं आलं आणि त्यांनी भक्तिभावानं हात उंचावून आरोळी ठोकली, "व्हय महाराजा!"

ओटी विकणारी मावशी नारळ पुसता पुसता म्हणाली, "भावानु, जरा गप ऱ्हवा. तुमची स्वताची पोरा खंयच्या शाळेत जातत, ता आदी सांगा."